फाटकापर्यंतची खुर्ची

मी चाकांची खुर्ची. नाशिकमध्ये सातपूर भागात महापालिकेची एक शाळा आहे, तिच्या जिन्याखालच्या अडगळीतून बोलतेय. आवाज जरा दबका येईल, कारण माझ्या मांडीवर लेझमांचं पोतं ठेवलंय.

या लेझमांचा मला भारी राग येतो. सव्वीस जानेवारी आली की त्या बाहेर, पंधरा ऑगस्ट आला की बाहेर, वर टाळ्या. मी मात्र निवडणूक आली तरच उजेड बघते. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, रस्ते बघीन, बाजार बघीन. पण इथे आल्याआल्या माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलं गेलं, 'मतदान केंद्राबाहेर नेऊ नये.' मतदानाची खोली ते शाळेचं फाटक, संपलं माझं जग.

तेवढ्या जगात मला चैताली भेटली. ती शाळेमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लहानपणापासून तिच्या पायांत बळ नाही आणि पाठीला आधार नसला की ती एका अंगाला कलंडते. इमारतीला लिफ्ट नाही. तिचा भाऊ संघर्ष एका कंपनीत कामाला जातो. तोच तिला पाठीवर घेऊन खाली आणतो. पण खाली आणून बसवायचं कशावर? महापालिकेकडे खुर्चीसाठी अर्ज केला, तर 'यंदाचा कोटा संपला, पुढच्या वर्षी बघू.' पुढच्या वर्षीही तेच. मग तो मला मागायला शाळेत आला. 'ती निवडणुकीची वस्तू, आमच्या हातात नाही,' असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या, म्हणून तर मला जास्त चीड आली. मी इथे धूळ खात होते आणि ती तिथे खिडकीत.

मागच्या मतदानाला मात्र ती ऐटीत माझ्यावर बसली. रांगेतल्या बायांशी पोटभर बोलली. मत देऊन झालं तरी तिला उठायचं नव्हतं. शाळेचे शिपाई झुंबरमामा मला ढकलत होते. फाटकाशी येताच ती म्हणाली, "मामा, थांबा ना जरा."

रस्त्यापलीकडे रसवंती आहे. चरक फिरला की त्याची घुंगरं वाजतात.

"तेवढं पलीकडं न्या ना मला. तिथं नुसती बाकडी, मला बसता येत नाही. दादा रस पिशवीत आणतो, पण वर येईस्तोवर काळा पडतो. एकदा तिथं बसून, ग्लासातून प्यायचाय."

मामांनी माझ्या पाठीवरची अक्षरं बघितली, मग मागे वळून मतदान केंद्राच्या साहेबांची खोली बघितली. "आज नको, ताई. फुडच्या इलेक्शनला नेतो. शब्द देतो तुला."

लोक कुणी निवडून यावं म्हणून निवडणुकीची वाट बघतात. चैतालीने उसाच्या रसासाठी बघितली. आणि खरं सांगायचं तर मीही. तो डांबरी रस्ता मला किती वेळा स्वप्नात दिसला!

अखेर यंदा मतदान आलं. मामांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, चाकांत तेल घातलं. भर दुपारी संघर्ष तिला पाठीवर घेऊन फाटकातून आत आला. तिने नवा ड्रेस घातला होता. संघर्ष घामाने निथळत होता.

"मामा, खुर्ची आणा," तो म्हणाला.

नव्या साहेबांनी यादीत बघितलं. "यांचं मत घरी झालंय. पथक जाऊन आलं की."

"हो सर, आलं होतं. घरून मत द्यायचा अर्ज आईनेच भरला. म्हणाली, पोरीला जिन्यावरून हाल नकोत. आम्हाला वाटलं, मत घरी झालं तरी आज येता येईल."

"मग आता खुर्ची कशाला? ती मतदारांसाठी आहे."

"मी मतदारच आहे ना, सर?" चैताली म्हणाली.

"आहात हो, पण तुमचं झालं ना. एवढी चांगली सोय केलीय, उन्हात कशाला आलात?"

माणूस वाईट नव्हता. त्याने पाण्याची बाटलीही पुढे केली. मामा हळूच म्हणाले, "साहेब, पाच मिनटं. समोर रसवंतीपोत्तर. म्या शब्द दिलाय तिला."

साहेबांनी माझ्या पाठीकडे बोट दाखवलं. "कुणी फोटो काढला तर उत्तर मी द्यायचं."

मी सावलीत रिकामी उभी होते. चाकं पुसलेली, तेल घातलेली. पण मला कुणी ढकलल्याशिवाय हलता येत नाही. समोर घुंगरं वाजत होती.

"चल दादा, तुझी पाठ दुखेल," ती म्हणाली. मग मान वळवून, "मामा, पुढच्या वेळी आईला अर्ज भरू देणार नाही. तुमचा शब्द तेवढा ठेवा."

घरी मत देण्याची सोय वाईट नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना ती मोठा आधार आहे. पण माणसाला घराबाहेर नेणारी एकच वाट असेल आणि सोय म्हणून तीच बंद झाली, तर त्याने काय करावं? बाबांनो, माझ्या पाठीवरची ती ओळ खरवडून काढा. अडगळीची किल्ली मामांकडेच आहे, नुसतं कुणीतरी हो म्हणायला हवं.

संध्याकाळी मामांनी मला आत ढकललं आणि कुलूप लावलं. पुढची निवडणूक कधी, मला ठाऊक नाही.

चैताली, तुझ्या खिडकीत घुंगरं ऐकू येतात ना गं? मलाही इथे येतात.