दोन मशिनींची गिटार

संतपूरच्या गायन पार्टीत नागनाथ गिटार वाजवायचा आणि त्याचा थोरला भाऊ बळीराम गायचा. जयंतीच्या मंडपात बळीरामनं तोंड उघडलं की मागं बसलेली माणसं पुढं सरकायची. आता त्याच गळ्यात गाठ निघाली होती. सोलापूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. आज दुपारच्या बसनं ऑपरेशनला निघायचं होतं. त्याआधी भावाचं एक गाणं कॅसेटवर घ्यायचंच, असं नागनाथनं ठरवलं होतं.

पण गिटारवाला म्हणजे मोठा खोडीखोर प्राणी, त्याला साधं चालत नाही. औरादच्या धोंडप्पाकडून मागून आणलेल्या लाऊडस्पीकरच्या मशीनवर गिटार पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजायची. घरच्या जुन्या वॉल्वच्या रेडिओला जोडली की आवाज गोड, पण घोंगडीत गुंडाळलेला. म्हणून त्यानं एका वायरीची दोन टोकं करून गिटार दोन्हींना जोडली. रेडिओनं भरीवपणा द्यायचा, मशीननं धार, आणि दोघांचा मिळून साफ सूर समोरच्या टेपरेकॉर्डरनं धरायचा. कल्पना काही वाईट नव्हती, हे मान्य करायला पाहिजे.

अडचण वेगळीच होती. नागनाथ कुणाकडं शिकलेला नव्हता. भावाच्या ओळीमागून बोटं फिरवत फिरवतच तो वाजवायला लागला. भाऊ गात नसला की त्याची बोटं जागची हलायची नाहीत. त्यामुळं मशीन तपासायची म्हटली तरी बळीरामला गावं लागायचं.

सकाळी बळीराम पहिल्यांदा गायला, तेव्हा त्याची बायको शोभाबाई चुलीपुढून उठून दारात आली. आवाज जरा चिरकत होता, पण तो बळीरामचाच होता. गाणं पूर्ण झालं. नागनाथनं टेप मागं घेऊन ऐकला आणि तोंड वाकडं केलं.

"मशीन घरघर करायलीय. अण्णा, येकदा अजून."

कॅसेट एकच होती. ती मागं फिरवायची आणि त्यावरच पुन्हा घ्यायचं.

दोन्ही मशिनी एकाच बोर्डावर लावल्या तेव्हा घरघर गेली, पण गिटार पोकळ वाजायला लागली. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. बळीराम गरम पाणी पीत होता आणि सांगितलं की गात होता. प्रत्येक खेपेला आवाज थोडा खाली बसत होता. नागनाथचे कान गिटारीकडं होते.

"भाऊजी, कामून तरास द्यायलाव त्येन्ला?" शोभाबाई म्हणाली.

"असू दे गं," बळीराम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माझ्या मागं ह्येच वाजणार हाय. चांगलं होऊ दे."

शेवटी नागनाथच्या ध्यानात आलं, एक स्पीकर पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतोय. त्यानं एकाच्या दोन तारा उलट्या लावल्या. आणि काय सांगावं! बळीरामनं बसक्या आवाजात एक ओळ म्हटली आणि गिटार अशी भरून, अशी निर्मळ वाजली की नागनाथला हसू फुटलं. त्यानं लाल बटण दाबलं.

"म्हण अण्णा!"

बळीरामनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यानं खाकरून पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा तटतटल्या, तरी हवाच. कॅसेट फिरत होती. बळीराम थांबला नाही, आवाजाविना ओठ हलवत राहिला आणि मांडीवर ताल धरत भावाला खुणावत राहिला, वाजव. नागनाथ त्याच्या ओठांवर नजर ठेवून वाजवत गेला. इतकं साफ त्यानं जन्मात वाजवलं नव्हतं. त्याला रडावंसं वाटत होतं आणि रडूही येत नव्हतं.

गाणं संपलं. शोभाबाईनं पदरानं नवऱ्याचा घाम पुसला.

"जाऊ द्या आता. लई झालं," ती म्हणाली. "सकाळचं पहिलं म्हनलेलं हाय की. घरघरंना का गिटार, मला त्येंचाच आवाज पायजे. लावा भाऊजी, ऐकून मग निघू."

नागनाथनं टेपवर हात ठेवला. बटण काही त्याच्यानं दाबवेना. मान वर करून वहिनीकडं बघायचीही त्याची हिंमत होईना.

बळीरामला उमगलं. त्यानं बायकोच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि कोपऱ्यातल्या पिशवीकडं बोट दाखवलं. बसची वेळ झाली होती.