सत्तर सालचं शून्य

रविवार होता, चार जानेवारी एकोणीसशे सत्तर. जऊळक्याला घरापुढच्या ओट्यावर जगदेव उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसले होते. नागपूरला नोकरी करणारी त्यांची लेक भागिरथा परतीची पिशवी भरत होती.

"काहून वं, नवं साल लागलं ते तुह्या मशीनले समजलं का?"

"तुमी शेंगा खा, बाबा."

"पाह्य पुंजाजी, साहेबीण झाली! तिचं मशीन चुकतच नाही म्हंते."

"मंग तुह्यासारखं घोरतबी नसन," शेजारचा पुंजाजी म्हणाला. तिघं हसले आणि ती गाडीला निघाली.

मशीनला समजलं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. जगदेव सरकारी पाणी खात्याच्या पंपावर कामाला, आणि त्याच खात्याच्या नागपूरच्या कचेरीत ती माहिती भरायला कॉम्प्युटरच्या कार्डांना भोकं पाडायची. दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं ते जुनं यंत्र वर्षाचा फक्त शेवटचा आकडा वाचायचं. एकोणसत्तरचे नऊ, सत्तरचं शून्य. चालू सालच्या नऊपुढे शून्य लहान, म्हणून सत्तरपर्यंत चालणारा कामगारांचा प्रत्येक डॉक्टरी दाखला त्याच्या लेखी कधीच संपलेला. डिसेंबरात एका दुपारी तिने हे कचेरीतल्या उदयसिंग साहेबांना दाखवलं होतं.

"बाई, तुमचं काम भोकं पाडायचं. मशीनला अक्कल शिकवू नका."

ती जागेवर जाऊन पुन्हा भोकं पाडू लागली. मुदत संपलेल्यांची यादी त्याच महिन्यात साहेबांच्या सहीने निघाली.

जगदेवांच्या छातीत दुखायचं, म्हणून डॉक्टरांनी मार्च सत्तरपर्यंत हलकं काम लिहून दिलं होतं. सोमवारी सकाळी पंपावर छापील हुकूम आला: दाखल्याची मुदत संपली, नेहमीच्या कामावर हजर व्हावे. नेहमीचं काम म्हणजे विहिरीत उतरून पंपाचा पाइप ओढणं.

"लेका, दाखल्यावर मार्च लिवलं हाये. उतरू नको," त्याच पंपावरचा पुंजाजी म्हणाला.

"माह्या पोरीच्या मशीनचा कागद हाये. तिच्या कागदाले मी खोटा म्हनू?"

दुपारी दोराने वर काढलं तेव्हा ते गेले होते.

पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली विधीला उदयसिंग साहेब जऊळक्याला आले. फुलं वाहिली, चहा घेतला. भागिरथाची आई कस्तुराबाई भिंतीशी बसली होती, तिला म्हणाले, "मशीन जुनं आहे. साल बदलताना गोंधळलं. कोणाचाच दोष नाही."

कोणाचाच नाही! डिसेंबरातली ती दुपार हा माणूस चहाबरोबर गिळून बसला होता. भागिरथा उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मशीन गोंधळलं नाही, साहेब. सांगितलं तेवढंच त्याने केलं. मी तुम्हाला दाखवलं होतं. तुम्ही सही केली."

"बाई, ही वेळ नाही."

"मग कोणती? पुढचा कोणी विहिरीत उतरेल ती?"

साहेब चपला शोधू लागले. कस्तुराबाईने मान वर केली.

"म्हंजे तुले मालूम होतं?"

साहेबांवर चिडणं सोपं होतं. हे नव्हतं. ती आईसमोर खाली बसली.

"हो माय, मले मालूम होतं. बाबा साऱ्या गावाले माह्या मशीनचं कवतिक सांगत होते, ते मले मोडवलं नाही. घरी एक शब्द बोलली असती त बाबा उतरले नसते. मी बोलली नाही, माय."