ओल्या हाताचं गणित

विजेची गणितं सोडवताना मुलीला पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. कुणीतरी कसलं, बाबाच. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. तरी उत्तरापुढे ओम किंवा व्होल्ट लिहायचं राहिलं, की मानेवर त्यांचा श्वास जाणवायचा आणि तिचा हात मुकाट्याने मागे येऊन एकक लिहायचा. तिला त्याची भीती वाटे.

गेल्या वर्षी बुडालेली परीक्षा आता दोन दिवसांवर आली होती. काका, बाबांचा धाकटा भाऊ, त्यांच्याच जोडीने वायरिंगची कामं करायचा. रोज दुपारी कामातून वेळ काढून तो तिला शिकवायला येई. शिकवण्यापेक्षा ओरडणंच जास्त, पण जीव लावून. चुंबक झालं, ऊर्जा झाली.

"आता हे घे, डोळे झाकून सुटेल," तो पुस्तकात बघत म्हणाला. "विभवांतर दोनशे तीस व्होल्ट, ओल्या हाताचा रोध हजार ओम. धारा किती?"

तिने भागाकार केला. शून्य पूर्णांक तेवीस. पुढे अँपिअर लिहायला पेन हलेना. मानेवरचा श्वास थांबला होता.

स्वयंपाकघरातून आईने ऐकलंच. "लोकांच्या घरी दहादा तपासायचे, आणि स्वतःच्या घरी फ्यूज काढायला विसरले!" वर्षभर तिचं हेच पालुपद होतं.

"विसरले नव्हते," मुलगी हळूच म्हणाली.

काकाने मान वर केली.

"काका, फ्यूज काढलेला होता. ते न्हाणीघरात गीझर दुरुस्त करत होते, मला माहीतच नव्हतं. पंखा बंद पडला, म्हटलं फ्यूज उडाला. कपाटातला दुसरा मीच बसवला. त्यांनीच शिकवलं होतं."

वायरमन लोक फ्यूज काढला की खिशात टाकतात, परत कुणी लावू नये म्हणून. घरात दुसरा आहे, हे बाबांच्या ध्यानातच आलं नसणार.

काकाने पुस्तक मिटलं. "त्या दिवशी दादाच्या खिशातून फ्यूज मीच काढून घेतला," तो म्हणाला. "तुझ्यासाठी तोंड शिवून बसलो. चुकलंच माझं. चल, वहिनीला सांगू."

आईने सगळं ऐकलं आणि ती तिथेच खाली बसली. वर्षभरात पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या नावाने बोटं न मोडता रडली. मुलीकडे मात्र तिने पाहिलं नाही.