शालूच्या टाचेतला सराटा

जी पोर चालतच नाही तिच्या टाचेत सराटा रुतेल कसा?

खुशालरावाने ओसरीच्या उजेडात शालूचा पाय उलटसुलट करून पाहिला. काटा सराट्याचाच, टोक आत मोडलेलं. पोर चार वर्षांची. पण घरात सतरंजीवरून उठायचं नाव नाही. पाणी हवं तर हाक मारी, बाहुली हवी तर बोट दाखवी, परसात जायचं तर सूर्यभान गडी तिला खांद्यावर नेई. अकोल्याच्या वैद्याने तिचे पाय दाबून, वाकवून पाहिले आणि पायात काही दोष नाही म्हणाला. तेव्हा दोष कुणाच्या तरी मनात आहे, असा अर्थ खुशालरावाने काढला.

असले अर्थ काढण्यात त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या अमरावतीत नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो स्वतः नांगरामागे चालत होता. मग साता समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कपाशीला कुणी स्वप्नातही न पाहिलेला भाव आला. नांदगावकडची शेती बटाईने कसायला गेली, अमरावतीत घर झालं, गादी-तक्के आले, आणि त्या गादीवर खुशालराव जो बसला तो बसलाच. पोरीच्या पायात त्याने चांदीचे तोडे घातले, असे जाडजूड की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. आणि डोळे दिपले की नजर लागते, म्हणून बघणाऱ्यांवर संशय घ्यायलाही तोच मोकळा.

"सूर्यभान, दुपारी पोरीले कुठं नेतं रे?"

"मारोतीच्या देवळापावतर, मालक."

"खाली ठेवतं?"

"नाई मालक. भुईले पाय लावू देत नाई."

सूर्यभान हे भिंतीकडे पाहून बोलला. माणिकबाई, खुशालरावाची बायको, वाती वळत बसली होती. तिनेही मान वर केली नाही. खुशालरावाने दोन्ही गोष्टी मनात टिपल्या.

घरामागे गोदाबाई माळिणीचा मळा होता. त्याला पाणी खुशालरावाच्या विहिरीचं. उन्हाळ्यात पाण्यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती, आणि गोदाबाई तोंडावर म्हणाली होती, "पोरीले असं बसवून ठेवसान तं वाळून जाईन ते." तेव्हा त्याला ते नुसतं फटकळ वाटलं होतं. आता त्यात शाप दिसू लागला. शिवाय मळ्यात लिंबं होती, आणि लिंबं पिकवणाऱ्या बाईला करणीसाठी बाजारात जावं लागत नाही. पायाखालची माती नेऊन करणी करतात, हे तर शेंबडं पोरही सांगेल. आणि माती न्यायची तर आधी पाय मातीला लावावा लागतो. झालं, सराट्याचा उलगडा झाला. बाईला रंगेहाथ पकडायचं, त्याच दिवशी पाणी तोडायचं, आणि मळ्यातून तिचं बिऱ्हाड उठवायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने अकोल्याला जातो म्हणून दमणी जुंपायला लावली.

"मुक्कामी राह्यता ना?" माणिकबाईने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. आता बायकोचाही भरवसा राहिला नाही.

नाक्यावर त्याने दमणी थांबवली आणि तो पायी मागे वळला. एवढ्याशा वाटेत त्याला धाप लागली. चालायचा सराव सुटला होता, पण हे कबूल करण्याऐवजी त्याने उन्हाला शिव्या घातल्या. मळ्याच्या कुंपणाला केळी होत्या. त्यांच्या आड तो दबकून उभा राहिला.

गोदाबाई शालूच्या पायातले तोडे काढत होती. काढले आणि पदरात बांधलेसुद्धा! म्हणजे करणीही आणि चोरीही. खुशालराव ओरडणार, एवढ्यात शालू उठली आणि पळत सुटली.

पाटाच्या कडेने, वांग्यांच्या वाफ्यातून, चिखल उडवत. पुढे गोदाबाईची नात शकुन, मागे ही. पडली, उठली, पुन्हा पळाली. खुशालरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली पोर पळते, याचा त्याला इतका आनंद झाला की क्षणभर तो संशय घ्यायचाच विसरला. मग त्याने पाहिलं, पाटाला दारं धरून उभी असलेली, लुगडं खोचलेली, गुडघाभर चिखलातली ती बाई माणिकबाई होती. बांधावर सूर्यभानही बसला होता. सगळे सामील! का म्हणून आपल्यालाच अंधारात ठेवलं?

पोरी दमून टोपल्यांपाशी आल्या.

"आता तू खुशालराव हो," शालू म्हणाली.

"कालबी मीच झालती!" शकुन कुरकुरली. "खुशालराव झालं का पयता येत नाई." तरी ती पालथ्या टोपलीवर बसली आणि पोट पुढे काढून इकडे तिकडे संशयाने पाहू लागली. माणिकबाईला हसू आवरेना.

"उठू नोको," शालूने शकुनला दटावलं. "खुशालराव उठत नसते. त्याईले पानी जाग्यावर द्या लागते."

"अन मंग तू घरी काहून बसतं वं?" शकुनने विचारलं.

"बाबाले एकट्यानं बसाले वाईट वाटते ना," शालू म्हणाली.

केळीआड खुशालरावाने ते ऐकलं. नजर नव्हती, करणी नव्हती. पोर त्याला सोबत करत होती. तो पानं बाजूला सारून पुढे आला.

सगळे जागच्या जागी थिजले. शालूने बापाला पाहिलं आणि ती मुकाट्याने चिखलातच खाली बसली. तोडे घालायला तिने दोन्ही पाय पुढे केले.

"बोलाचं ते मले बोला," माणिकबाई म्हणाली. "गोदाबाईले नोका बोलू. पोरीले म्याच धाडलं."

गोदाबाईने पदराची गाठ सोडून तोडे त्याच्या हातात दिले. ते हातात घेऊन तो पुढे केलेल्या त्या इवल्या पायांकडे पाहत राहिला. मग त्याने तोडे सूर्यभानकडे दिले, जोडे काढले आणि धोतर वर खोचलं.

"मलेबी घेता का खेळाले?"

शालूने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. तो गोदाबाईकडे पाहायचा, अगदी तसं. मग तिने आईला विचारलं, "बाबाले पयता येते?"

तेवढ्यात खुशालराव पळत सुटला. पाटाच्या वळणापर्यंत कसाबसा पोचला आणि टाचेत सराटा असा रुतला की तो ओय करून बसायला वाकला.

"बाबा, बसू नोका!" शालू जिवाच्या आकांताने ओरडत त्याच्याकडे पळाली. "बसलं का खुशालराव होते!"