पहाटेचं खाकरणं

डॉक्टर प्रभंजनांनी पॅडवरचा कागद फाडून अंबूताईंच्या हातात दिला आणि श्रीवत्सनं तो तिथल्या तिथं ओढून घेतला.

"यात गोळी कुठं आहे?"

"नाही लिहिली. रोज सकाळी केलगेरीच्या तलावावर जायचं. पाखरं बघणाऱ्यांचा एक गट असतो तिथं. दोन महिने जाऊ द्या यांना. तेच औषध."

"डॉक्टर, आईला पहाटे आवाज ऐकू येतात. आणि तुम्ही म्हणता पाखरं बघा?"

"आवाज नाही रे, एकच आवाज," अंबूताई म्हणाल्या. "ह्यांचं खाकरणं."

डॉक्टरांनी कान, बीपी, सगळं आधीच तपासलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "आचार्य गेल्यापासून तुम्ही उंबऱ्याबाहेर पडला नाहीत, अंबूताई. चार माणसांत मिसळा, उघड्यावर फिरा. गोळीचं मग बघू."

"मेडिकलवाला हसेल हा कागद बघून," श्रीवत्स जिना उतरताना पुटपुटला. पण घडी घालून खिशात मात्र ठेवला.

खाकरण्याचं असं होतं. बाळाचार्य उभा जन्म पहाटे परसात आंघोळ करायचे आणि ओल्या पंच्यानं मागच्या दारी येऊन दोनदा खाकरायचे. एकदा घशातून, एकदा जरा वरून. खाकरल्याशिवाय त्या घरात पुरुषमाणूस मागून आत आलाच नाही कधी. सोवळ्यातल्या माणसाला चुकून कुणाचा स्पर्श व्हायला नको, म्हणून आतल्यांनी ते ऐकून बाजूला व्हायचं, वाट द्यायची. अंबूताई नवी नवरी होत्या तेव्हापासून पदर सावरून भिंतीला लागायच्या. मग ते सरळ देवघरात.

आता मागं तुळस, नळ आणि रिकामी दोरी. आणि तरीही पहाटे, सप्तापुरातला पहिला दूधवाला यायच्या आत, दोनदा खाकरणं. अंबूताई डोक्यावरून पांघरूण ओढून नामस्मरण करत पडून राहायच्या. बाराव्याला काही राहून गेलं की काय? कशासाठी येत असतील? अंगाला घाम फुटायचा. आणि एखाद्या पहाटे ऐकू आलं नाही, तर त्याहून जास्त भीती वाटायची.

"तुला नाही येत रे ऐकू?" त्यांनी लेकाला विचारलं होतं.

"कुठं काय? अप्पा गेले, आई. खाकरतील कशाला?" कोप्पीकर रोडच्या बँकेत बसणारा माणूस तो, असंच बोलणार. त्यानंच डॉक्टर गाठला, त्यानंच स्कूटरवर बसवून रोज तलावावर सोडायला सुरुवात केली. आणि रोज रात्री जेवताना न चुकता विचारायचा, "आज आला होता आवाज?"

गट चालवायच्या श्रीलक्ष्मी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मोठ्यानं हसणाऱ्या बाई. "बर्री, बर्री अक्का," असं कानडीत या-या म्हणत त्यांनी पहिल्याच दिवशी अंबूताईंचा हात धरला. पाखरं दिसण्याआधी ऐकायची, असा त्यांचा नेम. तलावाच्या बांधावर सगळ्यांना उभं करायच्या, डोळे मिटायला लावायच्या आणि मग एकेकाला विचारायच्या, काय ऐकलं?

सुरुवातीला अंबूताईंना नुसता कलकलाट ऐकू यायचा. मग त्यातून भारद्वाज वेगळा झाला, खंड्या वेगळा झाला. पेन्शनर मंडळींची चेष्टामस्करी चालायची, कुणीतरी थर्मासमधून चहा द्यायचं. एका सकाळी तर त्या खळखळून हसल्या आणि आपल्याच हसण्यानं दचकल्या. भूक लागायला लागली. मेला डॉक्टर खरा निघाला, असं त्या मनात म्हणाल्या.

मग ती धुक्याची सकाळ आली. सगळे डोळे मिटून उभे होते. डोक्यावरून, अगदी जवळून, कुणीतरी खाकरलं. परत एकदा, जरा वरून.

अंबूताईंनी पदर सावरला आणि त्या बांधावरून चटकन बाजूला झाल्या.

डोळे उघडले तर सगळे त्यांच्याकडे बघत होते. श्रीलक्ष्मी जवळ आल्या. "काय झालं, अक्का?"

"आत्ता ते... ते कोण होतं?"

"रातबगळा की हो! रात्रभर मासे मारतो आणि पहाटे झाडावर झोपायला जातो. जाता जाता असा ओरडतो."

"सप्तापुरात येतो?"

"येतो म्हणजे? तिथल्या चिंचेवर वस्तीच आहे त्यांची. तुमच्या घरावरूनच जात असतील रोज."

अंबूताई बांधावरच बसल्या. पाखरू. इतके महिने एका पाखरासाठी आपण नामस्मरण केलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बाळाचार्य त्या दिवशी गेले नव्हते, आज गेले. श्रीलक्ष्मी पाठीवरून हात फिरवत होत्या आणि अंबूताई भर सकाळी, परक्या माणसांत, हमसून हमसून रडत होत्या. दिवसकार्यातसुद्धा असं रडणं आलं नव्हतं.

रात्री श्रीवत्सनं नेहमीचं विचारलं. "आज आला होता आवाज?"

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं, मग सांगावं. लेकाचा जीव भांड्यात पडेल. आई वेडी झाली नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच उठल्या. पांघरूण बाजूला सारलं, शाल घेतली आणि पहिल्यांदाच भीती न वाटता मागच्या दाराकडे निघाल्या. स्वयंपाकघराच्या दारात मात्र पाय थबकले.

मागचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत श्रीवत्स उभा होता. अनवाणी, बाहेरच्या अंधाराकडे डोळे लावून. दाराची एक फळी त्यानं हातानं धरून ठेवली होती, वाऱ्यानं मिटू नये म्हणून. ही काही त्याची पहिली पहाट नव्हती, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

चिंचेच्या बाजूनं आवाज आला. घशातून एकदा. मग जरा वरून. अंबूताईंना तो पंखांसकट ऐकू आला.

श्रीवत्स वळला. आईला बघून तो लहान पोरासारखा गडबडला. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे तांबारलेले. किती रात्री हा झोपला नसेल, आणि आपण त्याच्यासमोर पाखरांची नावं सांगत जेवत होतो.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "तुला अजून येतं ना ऐकू? तूच म्हणाली होतीस ना? मला एकट्यालाच नाही ना येत?"

रातबगळा हा शब्द अंबूताईंच्या ओठांवर आला होता. त्यांनी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो गिळला.

"येतं की," त्या म्हणाल्या. "असा वाटेत काय उभा राहिलास? बाजूला हो. वाट दे त्यांना."

श्रीवत्स फळी सोडून भिंतीला लागला. अंबूताईंनी पदर सावरला आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. दोघांच्या समोरून गार वारा देवघराकडे गेला. श्रीवत्सचे खांदे हलायला लागले, तसा त्यांनी त्याचा हात घट्ट धरला आणि त्याला पोटभर रडू दिलं.

"आले हं आत," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "लाव आता कडी. आणि स्वेटर चढव, आज तूही चल माझ्याबरोबर."