ठमी कोणाच्यात?

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला सामाजिक मानसशास्त्र शिकवते. त्यामुळे माणसं 'आपण' कधी म्हणतात आणि 'आम्ही' कधी, इकडे माझे कान नको तितके लागलेले असतात. मुलांनाही मी हेच सांगते. 'आपण निघू' म्हटलं की समोरचा तुमच्यात आला, 'आम्ही निघतो' म्हटलं की तो बाहेर. भिंत बांधायला एक सर्वनाम पुरतं.

वर्गात हे सांगायला छान वाटतं. पण आमची ठमी, वय वर्षं तीन, एका संध्याकाळी आत्याच्या मांडीवर बसून मला म्हणाली, "तू जा तुमच्या घरी. आम्ही इथंच थांबतो."

आत्या म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, ताई. आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतात, कपडे शिवतात आणि मी कॉलेजात असते तेव्हा ठमीला सांभाळतात. ताईंना हसू आवरेना. मीही हसले, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की मी नोकरी सोडतेय. तो म्हणाला, पोरगी व्याकरणात चुकली असेल. मी म्हटलं, तिचं व्याकरण चोख आहे, तेच तर दुखणं आहे.

मग मी पाळतच ठेवली. ताईंचं शिलाई मशीन 'आपलं' होतं, ताईंची खिडकीही 'आपली'. आमचा सोफा मात्र 'बाबांचा'. माझ्या नावावर काहीच नव्हतं. राजीनामा मनातल्या मनात लिहून तयार होता, फक्त सत्र संपायची वाट बघत होते.

एक दिवस ताईंना दाढ काढायला जायचं होतं, म्हणून ठमीला कॉलेजात न्यावं लागलं. नेमका त्या दिवशी गटांचा प्रयोग होता. डोळे मिटून चिठ्ठी उचलायची, निळी आली तर निळ्या गटात, पिवळी आली तर पिवळ्या. मग दोन्ही गटांनी कागदाचा मनोरा करायचा आणि एकमेकांना गुण द्यायचे. बघता बघता निळ्यांना पिवळ्यांचा मनोरा वाकडा दिसायला लागला. सकाळी एका छत्रीतून आलेल्या दोन मैत्रिणी एकमेकींना 'तुमच्याकडचे' म्हणू लागल्या. कुणीतरी ठमीच्या हातात पिवळी चिठ्ठी दिली, तर ज्याला सगळे वकील म्हणतात त्या मुलाने हरकत घेतली, की मॅडमची मुलगी पिवळ्यांत गेल्याने निकालावर दबाव येतोय. शेवटी मी सांगितलं, रंगांना काहीच अर्थ नव्हता. मुलं ओशाळून हसली. ठमी चिठ्ठी सोडेना.

परत आल्यावर आम्ही थेट वर गेलो. ताई सुजलेला गाल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून हात पसरले. ठमी माझ्या पायाला चिकटून उभी राहिली.

"आम्ही कॉलेजात गेलो होतो," तिने जाहीर केलं. "आम्ही पिवळ्या आहोत. तू नाहीस."

हेच ऐकायला माझा जीव आसुसला होता. ऐकलं, आणि ताईंकडे नजर गेली. पसरलेले हात क्षणभर तसेच राहिले. मग त्या उगाचच मांडीवरचं कापड सारखं करू लागल्या.

"बरं बाई. जा तुमच्या तुमच्या घरी."

माझ्या तोंडाला कुलूप लागायला हवं होतं, पण निघूनच गेलं. "ताई, मला रोज ती हेच म्हणते. मला वाटायचं, तुम्ही शिकवलंत."

"आणि मला आत्ता वाटलं, तू शिकवलंस."

आधी त्यांना हसू फुटलं की मला, कोण जाणे. त्या गाल दाबून म्हणत होत्या, हसवू नकोस गं, टाके आहेत. त्यावर मला आणखीच हसू यायला लागलं.

ठमीला हे मुळीच पटलं नाही. ती आमच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"तुम्ही दोघी का हसता?"

"आमचं आहे काहीतरी," ताई म्हणाल्या.

मी ठमीच्या चपला उचलल्या आणि उद्या हिला नेहमीच्या वेळेला आणते, असं सांगून टाकलं.