शिकाऊ पायांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंग पांढरा, पण आता त्याला पांढरा म्हणायला मन जरा मोठं लागतं. दोन दारांवर खड्डे आहेत, मागच्या काचेला एक बारीक चरा आहे, आणि माझा हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजतो. माझं अर्धं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेलं. तुमची एखादी काकू किंवा मामा पहिल्यांदा स्टिअरिंग धरून घामाघूम झाले असतील, तर ते माझ्यासारख्याच एखादीत बसलेले असणार.

शोरूममध्ये माझ्या बरोबरीच्या गाड्या एकेक करून घरी गेल्या. त्यांना न्यायला सगळं कुटुंब यायचं, फोटो काढायचं, लहान मुलं मागच्या सीटवर उड्या मारायची. मला न्यायला जाड चष्म्याचे एक गृहस्थ एकटेच आले. त्यांनी फोटो काढला नाही. मला थेट गॅरेजात नेलं, शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच बसवून घेतला, आणि टपावर भली मोठी पिवळी पाटी चढवली. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. त्या दिवसापासून सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचे आणि मला ‘सरांची गाडी’.

मी माणसं पायांवरून ओळखते. खरं सांगायचं तर चेहरे माझ्या नीट लक्षातच राहत नाहीत. माझ्या क्लचवर चपला आल्या, बूट आले, उंच टाचा आल्या. एक बडे साहेब यायचे. ऑफिसातली माणसं म्हणे त्यांच्यासमोर उभी राहायला घाबरायची. पण माझ्या क्लचवर पाय ठेवला, की त्यांचा गुडघा असा लटपटायचा की माझा डॅशबोर्ड वाजायला लागायचा. एक कॉलेजची मुलगी मात्र पहिल्याच दिवशी अशी सुटली, की सरांना त्यांच्या बाजूचा ब्रेक दोन्ही पायांनी दाबावा लागला. सर कोणावरही ओरडत नसत. “बंद पडली? पडू दे. तिला सवय आहे,” एवढंच म्हणायचे. मित्रांनो, हे ‘तिला सवय आहे’ ऐकलं, की माझी छाती फुगायची. रस्त्याच्या मधोमध बंद पडायचं आणि कुरकुर न करता पुन्हा सुरू व्हायचं, हेच तर माझं काम होतं. परीक्षा पास झालेली माणसं जाताना माझ्या बॉनेटवर थाप मारून जायची.

सरांनी माझी निगा कधी चुकवली नाही. शिकाऊ माणूस आत असताना गाडीने दगा दिला तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं. तेल वेळेवर, ब्रेक वेळेवर, क्लच जरा घासला की नवा. पुढे त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. शाळा बंद झाली, पाटी उतरली, शेजारचे पेडल निघाले. त्यांच्या जागी माझ्या तळाला चार भोकं तेवढी राहिली.

मग मी सेकंडहँड गाड्यांच्या मैदानात आले. तिथल्या शेठनं मला सगळ्यात मागे, भिंतीला लावून उभं केलं. पुढच्या रांगेतल्या गाड्या रोज पुसल्या जायच्या. त्यातली एक लाल गाडी फारच भाव खायची. तिच्यात अत्तराची बाटली टांगलेली होती. माझ्या टपावर कबुतरं बसायची, आणि ती काय टांगून गेली ते सांगायला नको. कधी एखादं गिऱ्हाईक मागे यायचं, दार उघडायचं, ती चार भोकं बघायचं आणि नाक मुरडायचं. “ड्रायव्हिंग स्कूलची दिसते. नको रे बाबा, लोकांनी वाट लावली असेल तिची.” माझा क्लच किती नवा आहे, हे कोणी विचारलंच नाही.

एक दिवस शेठ माझ्याशेजारी उभा राहून भंगारवाल्याशी फोनवर बोलला. “ती मागची पांढरी घेऊन जा येत्या आठवड्यात. जागा अडवून बसलीय.” ते ऐकून माझं धाबं दणाणलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची भीती पाहिली होती. स्वतःची भीती काय असते, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी चौघं जण आले. सगळ्यात पुढे एक बाई होत्या. त्यांना आपण वहिनी म्हणू. त्यांच्यासोबत त्यांचे थोरले भाऊ होते, दादा. मागून वहिनींचे सासरे हळूहळू येत होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात निकामी झाला होता, आणि शब्दही बहुतेक गेले होते. त्या आजोबांचा दंड धरून चालणारी बाई म्हणजे त्यांच्या देखभालीला ठेवलेली मावशी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आजोबांना तीच सांभाळायची.

वहिनींनी शेठला सरळच सांगितलं. “आमच्या मावशींसाठी गाडी हवीय. त्यांच्या वस्तीची बस बंद झालीय. त्या पोचेपर्यंत मला कामावर जायला उशीर होतो, आणि माझ्या साहेबांनी आता शेवटचं सांगितलंय. मावशींना त्यांच्या घराजवळच्या कारखान्यात काम मिळतंय. त्या गेल्या तर आजोबांना कुठल्यातरी संस्थेत ठेवावं लागेल. दुसऱ्या कोणाच्या हातून ते घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत हो. स्वस्त द्या, पण दगा देणारी नको.”

“मॅडम, ही लाल बघा!” शेठ म्हणाला. “गाडी नाही, पाखरू आहे पाखरू!”

दादांनी लाल गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिच्या टायरला लाथ घातली. लाथ मारल्यावर टायर काय सांगतो, हे मला आजवर कळलेलं नाही. पण गाडीतलं कळणारा माणूस लाथ मारतोच. मग दादा चालवायला बसले, आजोबांना शेजारी बसवलं, वहिनी आणि मावशी मागे. चौकापर्यंत जाऊन आले. मग वहिनी चालवायला बसल्या, आणि मावशी परत मागे. पुन्हा एक चक्कर झाली. दादा म्हणाले, “छान पळते.” वहिनी म्हणाल्या, “एसी पण मस्त आहे.” किमतीची घासाघीस सुरू झाली. भिंतीपाशी उभी राहून मी ऐकत होते. माझी आशा संपली होती.

तेवढ्यात आजोबा गाडीतून उतरेनात. त्यांनी चांगल्या हाताने स्टिअरिंग धरून ठेवलं, मान वळवून मागे मावशीकडे पाहिलं, आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, “ति... तिला.”

दादांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा! चालवणार कोण, आणि चालवून बघतोय कोण!”

“असू द्या हो दादा,” मावशी संकोचून म्हणाली. “तुम्ही बघितलीत ना, मग झालं.”

“झालं कसं?” वहिनी म्हणाल्या. “बसा तुम्ही पुढे.”

मावशीकडे लायसन्स होतं. वहिनींनीच तिला क्लास लावला होता. पण लायसन्स हातात पडल्यापासून तिला गाडी शिवायला मिळाली नव्हती. ती लाल गाडीत बसली. गाडीने एक गचका दिला आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गचका. तिसऱ्या वेळी ती अशी उसळली की शेठची प्लॅस्टिकची खुर्ची आडवी झाली. शेठ तोपर्यंत खुर्चीतून उठला होता, म्हणून बरं. त्या लाल पाखराचा क्लच फार तापट होता. तो एकदम पकडायचा, नाहीतर पकडायचाच नाही.

मावशी खाली उतरली. तिचा चेहरा पडला होता. “वहिनी, नाही जमायचं मला. उगाच माझ्यापायी पैसे घालू नका. मी... मी त्या कारखान्यात हो म्हणून कळवते.”

आजोबा नुसते जमिनीकडे बघत बसले. मित्रांनो, त्या वेळी मला किती ओरडावंसं वाटलं म्हणून सांगू! पण माझी बॅटरी उतरत आली होती, आणि किल्ली शेठच्या खिळ्यावर होती.

गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर शेठला माझी आठवण झाली. “मागे एक आहे. शिकवायचीच गाडी होती ती. दिसायला काही नाही तिच्यात.”

“ड्रायव्हिंग स्कूलची?” दादा म्हणाले. “शेठ, क्लचचा भुगा झाला असेल तिच्या!”

“बघायला काय जातंय?” वहिनी म्हणाल्या.

पुढच्या गाड्या शेठ रोज सकाळी सुरू करून गरम करून ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर चटकन सुरू व्हाव्यात. माझ्या वाट्याला ते कुठलं यायला? मी थंडगार. शेठनं किल्ली फिरवली. नुसतं टकटक झालं. दादांनी वहिनींकडे ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ अशा नजरेनं पाहिलं. शेठनं पुन्हा फिरवली. मी कण्हले आणि थांबले. मला वाटलं, आता संपलं. तिसऱ्यांदा मात्र मी उरलासुरला सगळा जीव एकवटला आणि घरघर करत सुरू झाले. टपावरची कबुतरं उडाली. दादांनी बॉनेट उघडलं, तेल बघितलं, कान लावून ऐकलं. टायरला लाथ मारायची म्हणून मारली. पण माणूस मनाने सरळ होता. म्हणाले, “नाही गं, इंजिन चांगलंय. आवाज स्वच्छ आहे. थांब, मी चक्कर मारून बघतो.”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “आधी मावशी.”

मावशी नाही नाही म्हणत बसली. आजोबा शेजारी, वहिनी मागे. तिचा पाय माझ्या क्लचवर आला. गार पडला होता आणि थरथरत होता. असे पाय मी पुष्कळ पाहिलेत. काहींना यंत्राची भीती असते, काहींना लोक हसतील याची. हिला भीती होती ती आपल्यामुळे कोणाचं नुकसान होईल याची. असे पाय फार सांभाळून घ्यावे लागतात.

तिनं क्लच सोडला, जरा जास्तच घाईनं सोडला. लाल गाडी तिथेच बंद पडली असती. मी अंगभर थरथरले, पण धरून ठेवलं. माझा क्लच सावकाश पकडतो. पाय चुकला तरी सावरायला वेळ देतो. मी हलले. मैदानाच्या फाटकातून बाहेर आले. पहिला गिअर, दुसरा गिअर. समोर एक हातगाडी आडवी आली तेव्हा तिनं वेळेवर ब्रेक दाबला. चौकात मात्र मी बंद पडले. तिनं स्टिअरिंग सोडून दिलं.

आजोबांनी चांगला हात तिच्या मनगटावर ठेवला. ओठ हलवले, अडखळले, आणि मग अगदी स्पष्ट म्हणाले, “होईल.”

मागे वहिनी रडायला लागल्या. घरातल्या कोणी कितीतरी दिवसांनी आजोबांच्या तोंडून असा अख्खा शब्द ऐकला होता. मावशीनं किल्ली फिरवली. मी लगेच सुरू झाले. त्या वेळी मी तिला वाट बघायला लावणार नव्हतेच.

परत आल्यावर ती लगेच उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, “वहिनी, ही समजूतदार आहे हो.”

मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. पुढचं सगळं दादांनी बघितलं. ते माझ्या पोटाखाली झोपून गंज शोधून आले, शेठकडून नवी बॅटरी बसवून घेतली, आणि ती चार भोकं बुजवल्याशिवाय गाडी नेणार नाही म्हणून हटून बसले. शेठनं भंगारवाल्याला फोन करून “तुझी गाडी विकली रे” असं सांगितलं. हे वाक्य मी फार लक्ष देऊन ऐकलं.

पहिल्या सोमवारी मावशी आपल्या वस्तीतून एकटी निघाली. वस्ती आणि वहिनींचं घर यांच्यामध्ये एक पूल आहे, आणि पुलावर चढ. चढावर आम्ही बंद पडलो. मागे रांग लागली आणि हॉर्नचा नुसता गिल्ला झाला. मावशी जितकी घाई करायला गेली, तितकं आणखी चुकत गेलं. आमच्या अगदी मागे एक मालाचा ट्रक होता. त्याने मात्र हॉर्न वाजवला नाही. हाताची घडी घालून बसावं तसा तो उभा राहिला. त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाला आमच्या अंगावर येता आलं नाही. मावशीनं हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, पुन्हा सुरुवातीपासून सगळं केलं, आणि आम्ही चढ चढलो.

वरचं मला मावशीच्या बोलण्यातून संध्याकाळी कळलं. दारात वहिनी खांद्याला पर्स लावून उभ्या होत्या.

“आलात?”

“आले.”

एवढंच बोलणं झालं. वहिनी जिना उतरून गेल्या, वेळेत गेल्या. आत आजोबांचा चहा तसाच होता. मावशीनं कप हातात दिला तेव्हा त्यांनी तो घेतला.

आता मी रोज दिवसभर वहिनींच्या घराखाली उभी असते. मला तेलपाणी वेळेवर मिळतं, आणि तुम्हीही आपल्या जुन्या गाड्यांना ते द्या, हे मी सांगायलाच हवं. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. एखाद्या दिवशी पुढची गाडी चढावर बंद पडेल. तेव्हा लगेच हॉर्नवर हात टाकू नका. आतल्या माणसाची वाट कोणीतरी बघत असतं, आणि ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याला फक्त किल्ली फिरवण्यापुरता वेळ द्या. तेवढा वेळ मिळाला, की आम्ही निघतोच.